जाय आणि येजो

गाव सोडलं त्या दिवशी आष्टीकडच्या आमच्या फाट्यावर घरचे सगळे आले होते. सासूबाईंनी हातावर दही दिलं, मी खाली वाकून पाया पडले. थोरल्या जाऊबाई, शोभाबाई, मागे उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "येतो." आमच्याकडे निघताना बायाही येतोच म्हणतात, जातो कोणी म्हणत नाही. माझी आई सांगायची, "येतो म्हणावं, म्हणजे मागचे येजो म्हणतात, परत ये म्हणून, अन् मंग वाट उलटी फिरते." गाडी आली. मी चढत होते आणि मागून शोभाबाईंचा आवाज आला, "जाय!"

येजो नाही. जाय.

आमच्या दोघींचं त्याआधी काही दिवस बरं नव्हतं. भाजीचा मळा आम्ही दोघी मिळून बघायचो. पहाटे वांगी तोडायची, मेथीच्या जुड्या बांधायच्या, मग बाजार. ह्यांना वर्ध्यात काम लागलं आणि तो सगळा पसारा त्यांच्या एकटीवर पडला. त्यामुळे त्यांनी मनातलं बोलून दाखवलं, असंच मी धरलं. तो शब्द मी वर्ध्याजवळच्या पिपरीला घेऊन आले.

इकडे हळूहळू सगळं मार्गी लागलं. नळाला पाणी, गॅस, मुलीला कॉलेज. मी आधीच कमी बोलणारी, त्यात कॉलनीतल्या बाया पुस्तकातल्यासारखं बोलणाऱ्या. "मले" तोंडात यायचं, ते गिळून "मला" म्हणायचे, आणि तेवढ्या वेळात बोलणं पुढे गेलेलं असायचं. मग मी नुसती हसायचे. सगळे म्हणायचे, किती शांत बाई आहे. गावी गेले तरी एका दिवसात परत. शोभाबाईंना काही सांगायचं असलं तर मुलीच्या तोंडून. त्याही तशाच.

यंदा त्यांच्या मुलीचं लग्न जमलं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला. निरोप ह्यांच्या फोनवर आला, माझ्या नाही. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही जाऊन या, मला बरं वाटत नाही. पण साक्षगंधाला गेले नाही, तर मग लग्नाला कोणत्या तोंडाने जायचं? त्या घराचं दार माझ्याच हाताने लागत होतं, हे मला कळत होतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या मंगलाताई मला एका शिबिराला घेऊन गेल्या. "शांतीचा सराव आहे, चला, नुसतं बसायचं आहे." नुसतं बसायचं म्हणून मी गेले. मला वाटलं भजन असेल.

सतरंजीवर खूप बाया, थोडे पुरुष. सांगणाऱ्या ताईंनी आम्हाला दोघीदोघींना समोरासमोर बसवलं. एकीने बोलायचं, दुसरीने ऐकायचं, मध्ये सल्ला द्यायचा नाही. ज्या माणसाशी आपलं बिनसलं, त्याची एक गोष्ट सांगायची. पण फक्त डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच. त्याच्या मनात काय होतं ते आपण सांगायचं नाही, कारण ते आपण पाहिलेलं नसतं.

माझ्यासमोर बोरगावच्या एक रिटायर नर्सबाई होत्या. मी खाली बघत बसले. त्या घाई न करता थांबल्या. आमच्याजवळून जाताना शिबिराच्या ताई म्हणाल्या, "तुम्ही किती शांत आहात." आणि मला एकदम रडू आलं. ही कसली शांतता? हा तर अबोला होता.

मग मी सांगितलं, "मले" म्हणतच सांगितलं. फाटा, दही, गाडी. शोभाबाई रागाने म्हणाल्या, असं ओठावर आलं आणि थांबले. राग मी पाहिलाच नव्हता, माझी पाठ होती त्यांच्याकडे. मग काय पाहिलं होतं? कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. माझा एक पाय पायरीवर, एक खाली, काखेत बोचकं.

आणि त्याच क्षणी मागून जाय. नर्सबाईंनी माझा हात धरला.

घरी आल्याबरोबर फोन लावला.

"शोभाबाई, मी बोलून राह्यली. सुनंदा."

"अवं माय! काय झालं? सारे बरे हायेत ना?"

"सारे बरे हायेत. मले एक इचारायचं होतं."

"लवकर इचार, भाजी लागून राह्यली खाली."

"मी गाव सोडलं त्या दिवशी तुमी मले जाय काऊन म्हटलं?"

तिकडे कढईवर झारा आपटल्याचा आवाज आला.

"बह्याड हायेस का वं? गाडी सुटली, तुहा पाय खाली लटकून राह्यला. जाय वर, म्हटलं म्या! पडली असती तं?"

"अन् येजो?"

"म्हटलं ना, गाडीच्या मांगं. तोंडभर धूळ खाल्ली म्या. तुले ऐकू नाई आलं त मी काय करू?" मग आवाज खाली आला. "मले वाटे, शहरात गेली, आता आपल्यासंग कायले बोलते."

आम्ही दोघी हसत होतो की रडत होतो, सांगता येणार नाही. भाजी मात्र जळली. "तुह्याच नावानं वाढीन आता साऱ्यायले," त्या म्हणाल्या. "साक्षगंधाले येजो."

छातीवरचं पोतं कोणी उतरवून ठेवावं, तशी मी त्या दिवशी झोपले.

आज साक्षगंधाला निघाले. मंगलाताईंकडे किल्ली द्यायला गेले. एवढी वर्षं मी त्यांना "येते" म्हणत आले. आज सरळ तोंडातून निघालं, "येतो, ताई."

त्यांनी किल्ली पदराला बांधली आणि पुस्तकातलं बोलणं सोडून म्हणाल्या, "येजो वं, सुनंदा."

फाट्यावर उतरायच्या आधी, गाडीतच लिहून ठेवते आहे. आता मला दोन घरं आहेत. दोन्हीकडे मागून येजो म्हणणारं कोणीतरी आहे.