काटेवाल्यांचा कॅमेरा

मोटरसायकलचा डावा इंडिकेटर फुटला आणि काटेवाल्यांवर घरातच खटला उभा राहिला.

वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा, म्हणून गावभर त्यांना काटेवाले म्हणत. सोनाराचा नाजूक काटा असो की भंगारवाल्याचा, ज्यावर अख्खा माणूस उभा राहील एवढा. बिघडला की फोन यांनाच. मोटरसायकलच्या कॅरियरवर लोखंडी पेटी, पेटीत मखमली खणांत बसवलेली तपासणीची पितळी वजनं आणि पुढे त्रेसष्ट वर्षांचे काटेवाले, पट्टी लावल्यासारखे ताठ. पेटी भरायची बावीस किलो. ती घेऊन कुठली बस आत घेणार? मोटरसायकल गेली की धंदाही गेला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"टेम्पो एकदम अंगावर आला," ते सांगत होते. "आवाज नाही, काही नाही. भुतासारखा!"

"मागच्या महिन्यात ती व्हॅनही भुतासारखीच आली होती," बायको म्हणाली. "अहो, गावातली सगळी भुतं तुमच्याच मागे का लागतात?"

मुलगी दोन गल्ल्या सोडून राहायची. ती या विषयासाठी खास वेळ काढून आली होती. तिने सरळ हात पुढे केला. "बाबा, किल्ली दे."

"आधी माझी चूक दाखव. मी कॅमेरा लावतो गाडीवर. आठ दिवसांचं चित्रण तिघांनी बसून बघायचं. एक चूक सापडली तर किल्ली तुझ्या आईच्या कपाटात."

बायकोने तिथल्या तिथे कपाटातला एक खण रिकामा केला.

कॅमेऱ्याच्या दुकानातल्या बाईंनी दोन-तीन नमुने काढून ठेवले. काटेवाल्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वजन?"

"अगदी हलका आहे, काका."

"हलका म्हणजे किती?"

बाईंनी खोका वाचून एकशे चोपन्न ग्रॅम सांगितलं. काटेवाल्यांनी खिशातून छोटा काटा काढला, कॅमेरा त्यावर ठेवला आणि म्हणाले, "एकशे एकोणसाठ."

"क्लिपसकट भरलं असेल."

"मग तसं छापायला पाहिजे."

बाई चिवट होत्या. त्यांनी न चिडता कॅमेरा उलटा करून माईक दाखवला. त्यावर स्पंजची टोपी घातली की वाऱ्याची घरघर येत नाही, आजूबाजूचा आवाज स्वच्छ येतो, असं त्यांनी सांगितलं.

"हाच द्या," काटेवाले खूश होऊन म्हणाले. "समोरचे काय काय शिव्या देतात तेही पुराव्यात आलं पाहिजे."

आता तो लावायचा कुठे? आधी हँडलवर लावून पाहिला. घरी येऊन बघतात तर इंजिनाच्या थरथरीने रस्ता असा हलत होता की भूकंपातून गाडी काढल्यासारखं वाटावं. मग छातीवर पट्ट्याने बांधला. त्यात दिवसभर पेट्रोलची टाकी आणि स्वतःचं पोट एवढंच आलं. बायकोने ते मन लावून पाहिलं आणि म्हणाली, "तिसरं बटण सैल झालंय. काढून द्या, शिवून देते." नंतर हेल्मेटच्या माथ्यावर चढवला, तर बेकरीच्या अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून जाताना आपली उंची वाढली आहे हे ते विसरले. कॅमेरा वाचला. मान मात्र आखडली.

शेवटी हेल्मेटच्या डाव्या बाजूला बसवला तेव्हा डोकं डावीकडे ओढू लागलं. दुसरा कुणी असता तर वैतागून काढून टाकला असता. काटेवाल्यांच्या डोळ्यांना मात्र यात सरळसरळ एक पारडं जड दिसलं. पेटी उघडून त्यांनी शंभर, पन्नास, पाच, दोन आणि दोन ग्रॅमची वजनं काढली आणि उजव्या बाजूला टेपने घट्ट चिकटवली. काटा मध्यावर आला! त्या थाटात ते अंगणात उभे असताना मुलगी आली.

"बाबा, हेल्मेट घातलंयस की दुकान मांडलंयस?"

तोल नेमका साधला होता, पण मानेवरचा भार दुप्पट झाला होता. दुपारपर्यंत मान वळेना, तेव्हा त्यांनी मुकाट्याने पुन्हा दुकान गाठलं.

"हनुवटीपाशी लावा, काका," बाई म्हणाल्या. त्यांनी हेल्मेटचा तो भाग स्पिरिटने पुसला, गोलाईवर बसणारी चिकटपट्टी दाबून धरली, निसटला तर खाली पडू नये म्हणून दोरीही बांधली. "एक अख्खा दिवस हात लावायचा नाही. पट्टी नीट धरू दे."

दुसऱ्या दिवसापासून मात्र झकास काम झालं. त्यांना दिसायचं तेच कॅमेऱ्याला दिसायचं. समोर रस्ता, खाली हँडल, दोन्ही बाजूंना आरसे.

आठ दिवस भरले, तो रविवार होता. जेवणं उरकून तिघं टीव्हीसमोर बसली. काटेवाल्यांनी आधी चोरूनही काही पाहिलं नव्हतं. आधी बघणं म्हणजे पारड्याला बोट लावणं, असं त्यांचं म्हणणं. मुलगी वही-पेन घेऊन बसली. पहिला दिवस झाला, दुसरा झाला. सिग्नलला गाडी रेषेच्या आत थांबत होती, वळताना हात दाखवला जात होता, म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडू दिला जात होता. वही कोरीच.

"काय गं, हे चालवतात ते किती कंटाळवाणं आहे," बायको जांभई देत म्हणाली. काटेवाल्यांना हे प्रशस्तिपत्रक वाटलं. पाठ आणखी ताठ झाली.

चौथ्या दिवशी लाकडाच्या वखारीमागचा अरुंद रस्ता आला.

"अहो, द्या ना त्याला वाट," बायको म्हणाली. "केव्हाचा कोकलतोय बिचारा."

"कोण?"

"मागचा, हो! हॉर्न वाजवतोय तो."

"मागे कोणी नव्हतंच."

मुलीने चित्र थांबवलं. उजव्या आरशात निळा ट्रक होता, आरसा भरून उरलेला. तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं. काटेवाले उठले, टीव्हीपाशी जाऊन कान लावून उभे राहिले. इंजिनाची घरघर स्पष्ट येत होती. तिच्याआड कुठेतरी डास गुणगुणावा तसं काहीतरी.

"हा हॉर्न?" त्यांनी विचारलं.

मुलीने पेन खाली ठेवलं. वहीही मिटून ठेवली.

बायकोने सावरून घ्यायला पाहिलं. "हेल्मेटमध्ये कुणालाच ऐकू येत नसेल. त्यात हे इंजिन."

काटेवाल्यांना वाट मोकळी करून दिली होती. त्यांनी ती घेतली नाही. "आत्ता कुठे आहे डोक्यावर हेल्मेट?" ते म्हणाले. खुंटीवरची किल्ली काढली आणि स्वतःच्या हाताने कपाटाच्या त्या रिकाम्या खणात ठेवली. "चुकतोय हे कळल्यावर त्या काट्यावर मी कुणाला माल मोजू देत नाही. मग स्वतःला कसं देऊ?"

पुढचे चार दिवस ते घरी होते. दुकानदारांचे फोन येत होते, पेटी दाराशी पडून होती. काटेवाल्यांनी घरातली घड्याळं जुळवली, भिंतीवरच्या तसबिरी पाणसळ लावून सरळ केल्या आणि बायकोच्या स्वयंपाकघरातला काटा आठ ग्रॅम जास्त दाखवतो असं जाहीर केलं. त्यावर तिने कानाच्या दवाखान्यात स्वतः फोन केला. "उद्याची वेळ चालेल," ती म्हणाली. "आजची असेल तर उपकार होतील."

तपासणीच्या काचेच्या खोलीत बसण्याआधी काटेवाल्यांनी विचारलं, "हे मशीन शेवटचं कधी तपासून घेतलंय?" तपासणाऱ्या बाईंनी मशीन फिरवून मागचा शिक्का आणि तारीख दाखवली. तेव्हा कुठे ते बसले. जाड आवाज त्यांना ठीक ऐकू येत होते, बारीक आणि उंच आवाज मात्र बरेचसे गेले होते. दोन्ही कानांना यंत्रं बसली. ती लावून हेल्मेट घालताना आधी यंत्रांतून शिट्टीच वाजली; दोन वेळा जाऊन यंत्रं जास्त आत बसणारी करून घेतली.

किल्ली मात्र लगेच मिळाली नाही. मुलगी स्कूटरवरून त्यांच्या मागे निघाली. कधी जवळून, कधी लांबून तिने हॉर्न वाजवायचा आणि ऐकू आला की यांनी डावा हात वर करायचा. अकरा वेळा हॉर्न वाजला, अकरा वेळा हात वर झाला. बाराव्यांदाही झाला.

"तो मी नाही वाजवला!" मुलगी मागून ओरडली.

"मागच्या गल्लीतला आहे तो," काटेवाले पुढून ओरडले.

सोमवारी सकाळी कपाटातून किल्ली निघाली. काटेवाल्यांनी पेटी चढवली, दोर आवळला, गाडी सुरू केली, दहा पावलं नेली आणि बंद करून खाली उतरले.

"ही खडखड कसली?"

"चेनची," बायको दारातून म्हणाली. "दोन वर्षं वाजतेय. तुम्ही कोपऱ्यावर आलात की मी चहा टाकते, तो काय मनात ओळखून?"

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तीनदा."