नाव सेफ, काम भलतंच

आमच्या टीमच्या प्रमुखाने सगळ्यांदेखत मला "कागद वाचत जा" म्हटलं, ते मी अजून विसरलेली नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी कोड लिहिते. आम्ही सगळे जी लायब्ररी, म्हणजे जो तयार कोड वापरतो, ती या प्रमुखानेच लिहिलेली. मेमरीतल्या वस्तू सांभाळायला त्यात दोन पॉइंटर, म्हणजे वस्तू कुठे आहे ते दाखवणारे दुवे, होते. एकाचं नाव 'स्मार्ट', तो वस्तूचा मालक. तो आहे तोवर वस्तू जिवंत. दुसरा 'सेफ', तो नुसता बघणारा. त्याच्या डोळ्यांदेखत वस्तू नष्ट होऊ शकते. नावावरून कळतं का हे? मी 'सेफ'वर विसंबले आणि ग्राहकासमोर प्रोग्राम बंद पडला.

ऑनलाइन मीटिंगमध्ये मी विचारलं, "सर, यात सेफ काय आहे?"

"वस्तू गेली की तो रिकामा होतो. तपासून वापरायचा. लायब्ररीच्या माहितीच्या कागदात लिहिलंय, वाचत जा. की तुमच्याकडे यवतमाळला ती पद्धत नाही, मॅडम?"

दोघं-तिघं हसले. माझे कान तापले.

"नाव धड असतं तर कागद कायले लागला असता?" तोंडून वऱ्हाडीच निघाली. मी ती आवरलीही नाही.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काहून ओरडून राह्यली वं? कोनासंग भांडण?"

"नावावरून भांडण हाय."

"कोनाच्या नावावरून?"

तिला काय सांगणार!

दुसऱ्या दिवशी, कुणी सांगितलं नसताना, मी सगळ्या कोडमधली नावं बदलायला घेतली. मालकाला 'ओनर', बघणाऱ्याला 'ऑब्झर्व्हर'. निव्वळ रागाने. पण नवी नावं बसली तशा चुका आपोआप दिसायला लागल्या. चार ठिकाणी वस्तूला ओनरच नव्हता, नुसते ऑब्झर्व्हर. त्यातली एक ओळ प्रमुखाच्याच हातची.

पुढच्या मीटिंगला तीच ओळ मी स्क्रीनवर लावली. "सर, ही कोणाची?"

त्याने कॅमेरा बंद केला. मला जराही वाईट वाटलं नाही.

नवी नावं स्वीकारली गेली. बदलांच्या नोंदीत त्याने लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'. माझा उल्लेख नाही. बोलताना तो आजही मुद्दाम 'सेफ' म्हणतो. मी शांतपणे विचारते, "कोणता पॉइंटर, सर?" तो 'ऑब्झर्व्हर' म्हणेपर्यंत विचारत राहते.