प्लमच्या बागेतली वाट

ती घटना आठवली की आजही गवतावर पाऊल टाकताना मी क्षणभर थबकतो.

मी तेव्हा पोलिसांत नोकरीला होतो आणि रजा काढून अमेरिकेत शुगर लँडला मुलीकडे आलो होतो. त्याआधी शांतिसेनेच्या पोलीस पथकातून युद्धानंतरच्या बोस्नियात काम केलं होतं. एक नदी, तिच्यावर एकच पूल आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, एवढाच आमच्या हद्दीतला तालुका. युद्धात आघाडीची रेषा याच उतारावरून गेली होती.

त्याच तालुक्यातून शुगर लँडला आलेल्या एका बाईने इथल्या पोलिसांना खबर दिली. तिच्या नवऱ्याला युद्धात पुलावरून पकडून नेलं होतं. तो परतला नाही, प्रेतही मिळालं नाही. नेणाऱ्या सैनिकांपैकी एक तिला इथल्या बाजारात दिसला होता. तो आता सुतारकाम करायचा आणि आपण कधीच सैन्यात नव्हतो, असं सांगून अमेरिकेत आला होता. तो भाग पाहिलेला पोलीस हवा म्हणून तपास अधिकाऱ्याने आमच्या जुन्या पथकात विचारणा केली आणि मी जवळच सापडलो.

“बाबा, व्हेकेशनवर आहात ना? कॅन्सल करा ते पोलिसांचं काम,” मुलगी वैतागली. मी वरिष्ठांची परवानगी मागवली आणि ठाण्यात गेलो; सुताराला तिथे चौकशीला बोलावलं होतं.

खरं सांगतो, मला दोघांचाही संशय होता. दुःखी माणूस चुकीच्या चेहऱ्याकडे बोट दाखवतो, हे मी ओळख परेडमध्ये पाहिलेलं. आणि हा सुतार फारच सरळ बोलत होता. पूल, बंदुका, सैन्य, काहीही विचारा, उत्तर तयार. पाठ केलेल्या जबाबाची मला चीड आहे. मी युद्धाचं विचारणं सोडलं. सरपण कुठलं, पाव कुठे भाजायचात, असं विचारत गेलो. दुभाषी सांगत होता आणि सुतार खुलत होता.

“गावचा नळ बंद होता. झऱ्यावरून पाणी आणायचो. प्लमच्या बागेतून उतरलं की लगेच झरा.”

“युद्धातसुद्धा?”

“रोज.”

ती बाग मी रस्त्यावरून पाहिली होती. युद्धाच्या सुरुवातीलाच सैनिकांनी तिथे सुरुंग पेरले होते. फळं झाडाखाली सडायची आणि गावकरी लांबचा वळसा घालून पाणी भरायचे. सुरुंगांमधली मोकळी वाट फक्त पेरणाऱ्यांना ठाऊक होती.

“त्या बागेत गावातलं कोणी पाऊल टाकत नव्हतं,” मी म्हटलं. “तुम्ही कसे जात होता?”

त्याने हातातला कागदी पेला खाली ठेवला. मग कबुली दिली. बागेत सुरुंग पेरणारी आणि त्या बाईच्या नवऱ्याला नेणारी तुकडी एकच, आणि तो तिच्यात होता. त्या माणसाला बागेच्या खालच्या टोकाला, दगडी बांधाशी पुरलं होतं.

बाहेर बाकावर ती बाई बसली होती. आरोपीने कबुली दिली, प्रेत त्या बागेच्या टोकाला पुरलंय, आता त्याला शिक्षा होईल, असं मी जरा ऐटीतच सांगितलं. तिने शिक्षेचं काही विचारलं नाही.

“त्याच्याकडून आधी ती सुरुंगांमधली वाट कागदावर काढून घ्या,” ती म्हणाली. “मला माझ्या माणसाला तिथून आणायचंय.”

माणूस मोठं खोटं जपतो, पण रोजच्या कामांवर पहारा ठेवायला विसरतो, हे मला आधीपासून माहीत होतं. गुन्हेगार सापडला म्हणजे तपास संपला, असंही मी तोवर मानत होतो. मी कोरा कागद घेऊन पुन्हा आत गेलो.