वळसेमामांचा रस्ता

वळसेमामांनी जन्मात कधी जीप सरळ रस्त्याने नेली असेल तर ती फक्त आरटीओच्या पासिंगच्या दिवशी, असं आमच्या घरात म्हणतात. बीडहून शिरूर कासारला निघालेला माणूस त्यांच्या जीपमध्ये बसला, की वाटेत एखादा मोर, एखादा धबधबा आणि कुणाच्या तरी बांधावरची सीताफळं भेटल्याशिवाय घरी पोचत नसे. उशिरावरून कुणी कुरकुरलं तर ते म्हणत, "सरळ जायाचं व्हतं तर एष्टीनं जायाचं. माझ्याकडं कावून आलास बे?" त्यांचं खरं आडनाव मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं.

ते माझ्या नवऱ्याचे, सुहासचे, सख्खे मामा. ही गोष्ट सुहास माझा नवरा व्हायच्या आधीची. पुण्यात शेतकीचं शिकताना आम्ही एकमेकांना पसंत केलं होतं, पण मी चिपळूणकडची आणि माझे बाबा आंब्याफणसात वाढलेले. "बीड? तिथे प्यायला पाणी तरी आहे का?" एवढंच म्हणाले आणि माझ्याशी बोलायचे बंद झाले. शेवटी आईने तोड काढली: आधी गाव बघून या, मग काय ते सांगा. बाबांनी नाही म्हटलं असतं तर पळून जाऊन लग्न करणाऱ्यातली मी नव्हते. त्यामुळे दिवाळी झाल्यावर त्यांच्यामागून बीडच्या स्टँडवर उतरले, ती त्यांच्या कपाळावरची आठी बघतच.

आम्हाला जीपने घ्यायला आलेल्या मामांना सुहासच्या घरच्यांनी पढवून ठेवलं होतं. पाहुण्यांना रेशीमकोषांचा बाजार दाखवायचा, कपिलधारचा धबधबा दाखवायचा आणि मोठ्या रस्त्याने थेट घरी आणायचं. मधल्या वस्त्यांवरून मुळीच आणायचं नाही. दिवाळीनंतर आमच्या भागातली घरंच्या घरं ऊसतोडीला जातात, वस्त्या कुलूपबंद होतात. मुलगी द्यायला आलेल्या माणसाने ते कशाला बघायचं? मामांनी मान डोलावली होती. त्यांच्या मान डोलावण्याला काही अर्थ नसतो हे मला ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या बहिणीला तरी ठाऊक असायला हवं होतं.

सकाळ झकास गेली. बाजारात कोषांचे पांढरे ढीग लागले होते. बाबांनी एक कोष कानाशी खुळखुळवून बघितला आणि सुहास ह्या अळ्या पाळतो म्हणजे नक्की काय करतो, हे मामांना दोनदा विचारलं. कपिलधारला धार बारीक झाली होती, पण मामांचा रुबाब बारीक झाला नव्हता. "पाव्हणं, श्रावणात या. पाणी बोलू देत न्हाई माणसाला." आमच्या घरामागचा वहाळ याहून मोठा आहे, हे वाक्य बाबांनी गिळलेलं मला स्वच्छ दिसलं. लिंबागणेशला गणपतीपुढे हात जोडून झाले, नायगावकडे दोन मोर रस्ता ओलांडून गेले. सीताफळं खाता खाता बाबांच्या कपाळावरची आठी सैल झाली. मला वाटलं, जमलं.

आणि मामांनी जीप कच्च्या रस्त्याला घातली.

"मामा, इकडून नाही ना?" मी मागून हळूच म्हटलं.

"हिकडूनबी जातो की, माय."

वस्तीवर दारादाराला कुलूप. अंगणातल्या चुली गार. एका ओट्यावर शेळ्यांच्या घोळक्यात एक म्हातारा तेवढा बसला होता. बाबांनी विचारलं, "माणसं कुठे गेली?" मामांनी लग्न, जत्रा, काहीही ठोकून द्यावं म्हणून मी देवाचा धावा करत होते.

"कारखान्याला गेलीत, ऊस तोडाया. गुडीपाडव्याच्या अल्याड न्हाई येत," मामा म्हणाले. "घरच्यांनी सांगितलंतं, हिकडून आणू नका. पण पाव्हणं, नांदायचं हिला हाय. आज झाकलं तर उद्या एकटीला दिसंल. मग ही कुणाला ईचारंल?"

मला मामांचा इतका राग आला, की जीपमधून उतरून चालत बीड गाठावं असं वाटलं.

बाबा मात्र उतरले आणि त्या ओट्यापाशी गेले. म्हाताऱ्याच्या दाराआतल्या खुंटीला सुतळीत ओवलेला चाव्यांचा जुडगा लोंबत होता. "समद्या वस्तीच्या हायेत. माझ्यापाशीच ठिवून जात्यात," म्हातारा म्हणाला. बाबा त्या जुडग्याकडे बघत राहिले.

"आमच्या वाडीतल्या माझ्याकडे असतात," ते म्हणाले. "आमची माणसं मुंबईला जातात. येतात ती गणपतीला, नाहीतर शिमग्याला."

म्हाताऱ्याने सरकून त्यांना जागा करून दिली. कोरा चहा आला. आमच्याकडे कुलपं पावसाने गंजतात, इकडे त्यांत धुरळा जातो, तेल कुणी किती घालायचं, यावर दोघांच्या निवांत गप्पा झाल्या. निघताना बाबा मामांना म्हणाले, "चला. मुलाच्या आईला सांगा, आम्हाला पसंत आहे." घर अजून बघायचंच होतं! मी मागच्या सीटवर हुंदके देऊन रडले. इतकं मोकळं मला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं.

मामांनी आरशातून बघितलं. "आता कावून रडती? आता तर सरळ रस्ता हाय." आणि पुढच्याच फाट्याला त्यांनी आणखी एक वळसा घेतला.

त्यानंतर मामा प्रत्येक फोनवर बाबांना म्हणायचे, "पाव्हणं, चैतात या. समदी कुलपं निगालेली दावतो." बाबांना जमायचं नाही. चैत्रात आंबा सोडून ते घरच्या लग्नालासुद्धा जात नाहीत.

गेल्या फाल्गुनात मामा गेले. पाडवा झाला आणि बाबा आंबा तसाच झाडावर टाकून आले. आम्ही त्यांना घ्यायला बीडला गेलो. सुहासने मोठा रस्ता धरला, तसे बाबा त्याला म्हणाले, "मामांच्या रस्त्याने घ्या."

वस्तीवर दारं सताड उघडी होती. बाजा बाहेर आल्या होत्या, दगडांवर गोधड्या वाळत होत्या, चुलींचा धूर डोळ्यांत जात होता. तो म्हातारा ओट्यावरच होता. बाबांनी आत डोकावून खुंटीकडे बघितलं. तिच्यावर फक्त त्याची टोपी होती.

बाबा अंगणात आले आणि जीप समोर उभी असावी तसे मोठ्याने म्हणाले, "आलो हो मामा. बघितली."