दादाच्या मशीनला लावलेलं तेल

दादा आज सकाळी गेला.

आईच्या वाटीभर तेलानं त्याचं संशोधन बुडालं होतं, हे आता लिहायला हरकत नाही. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता तोही नाही. लपवायचं तरी कुणापासून?

गोष्ट साठच्या दशकातली. आम्ही रहिमतपूरचे. दादा सांगलीत एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये टेम्पररी होता. मी त्याच्या खोलीवर राहून बी.ए. करत होते, म्हणजे मुख्यतः त्याचा स्वयंपाक करत होते.

त्याचं काम मला समजलं तसं सांगते. तांब्याचा दगड पिठासारखा दळायचा आणि पाण्यात कालवायचा. त्यात औषधाचे नि तेलाचे थेंब टाकायचे, मग मशीनच्या टाकीतला पंखा फिरवून फेस काढायचा. तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, बाकीची माती खाली बसते. वरचा फेस तेवढा काढून घ्यायचा.

फेस आणणारं ते तेल तेव्हा परदेशातून यायचं आणि मिळता मिळत नसे. दादाचं म्हणणं, आपल्या निलगिरीच्या तेलावर भागेल.

एवढ्या एकाच गोष्टीमागे तो लागला होता. खोलीभर निलगिरीचा वास. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, घरात कुणाला सर्दी झालीय का गं?

आणि एक दिवस त्याला हवा तसा फेस आला. दाट, टिकणारा. त्या दिवशी तो जेवताना एकटाच हसत होता.

खाणीच्या कंपनीतले एक मोठे साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते बघायला येणार होते. त्यांना पटलं तर दादाला पर्मनंट जागा आणि स्वतःची लॅब.

खंडेनवमीला गावाहून आई आली.

आमच्याकडे त्या दिवशी नांगराचा फाळ, कोयते, खुरपी, आमच्या वडिलांची, आप्पांची, मिलिटरीतली ट्रंकसुद्धा पुसून, तेल लावून पुजायची. लोखंड कोरडं पुजायचं नाही, हा आईचा दंडक. ती लेकाचं मशीन कसं सोडेल?

लॅबमध्ये तिनं पदर खोचला, पिशवीतून करडईच्या तेलाची बाटली आणि वाटी काढली. दादा एकदम पुढे झाला.

"आई, ह्याला त्याल नको."

"का रं? तू सोता घालतोस की त्याल!"

आता हिला काय सांगणार? एक तेल फेस आणतं, दुसरं फेस मारतं. डोकं तेलानं चपचपीत असलं की पहिल्यांदा साबणाला फेस येत नाही, तसंच ते.

तो सांगणारही होता. पण आईचा हात फिरायला लागला होता. ती पहिल्यांदाच लेकाच्या कामाच्या जागी आली होती आणि बाळाला माखावं तसा तो पंखा माखत होती.

"राहू दे," तो मला हळूच म्हणाला. "नंतर धुतो."

पण आईनं झेंडूची माळ घातली आणि बजावलं, "दसरा हुईस्तवर हात लावायचा न्हाई. पुजल्यालं हाय."

"बरं," म्हणाला.

आणि या शहाण्यानं खरंच हात लावला नाही. गुपचूप धुतलं असतं तर तिला काय कळणार होतं? पण आईला "बरं" म्हणून बसला होता ना.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच गेला. सोडा, गरम पाणी, सगळं केलं. पण पंख्याच्या दांड्यातून आत उतरलेलं तेल पुरतं निघालं नाही, आणि साहेब वेळेच्या आधीच हजर.

मी डबा घेऊन गेले तेव्हा मशीन चालू होतं.

फेस यायचा आणि बसायचा.

दादानं निलगिरीचे थेंब वाढवले. पुन्हा आला, पुन्हा बसला. राखून ठेवलेला दगड तेवढाच होता, तोही संपला.

"व्हेअर इज द फ्रॉथ?" साहेबांनी एवढंच विचारलं.

दादा "सॉरी सर" म्हणाला.

खोलीवर परतताना मी भांडले. "मशीनला तेल लागलंय म्हणून सांगायचं की! पुन्हा दगड पाठवला असता त्यांनी."

"मग कुणी लावलं ते विचारलं असतं. हसले असते गं आईला."

थोडं चालल्यावर म्हणाला, "तिला सांगू नकोस."

मला त्याचा तेव्हाही राग आला होता. आजही येतो.

वर्ष संपलं, तसं कामही संपलं. दादा आटपाडीला शाळेत सायन्स शिकवायला लागला. मुलं त्याचं नाव काढतात. पण घरात कुणी निलगिरीची बाटली उघडली की तो उठून बाहेर जायचा.

आईनं एकदाच विचारलं. "माझ्या हातनं काय इस्कोट झाला का रं?"

"न्हाई गं. दगडच वाईट व्हता."

तिला पटलं की नाही, देव जाणे. पण दर दसऱ्याला तो सोनं द्यायला रहिमतपूरला आला की ती विचारायची, "मशीनीला त्याल लावलंस का?"

"व्हय आई, लावलं."

मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं. पंखा तेवढा त्यानं मागून आणला होता. कपाटात, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला. खंडेनवमीला बाहेर काढायचा, फूल वाहायचा, कुंकू लावायचा. तेल नाही. उद्या साहेब येणार असल्यासारखा कोरडा ठेवायचा.

गेल्या खंडेनवमीला मी म्हटलं, "अरे, आता तरी लाव. गंज चढतोय."

"फेस बसतो गं," म्हणाला आणि कपाट लावून घेतलं.



आज त्याला न्यायच्या आधी मी तो पंखा काढला. स्वयंपाकघरातून वाटीत तेल घेतलं आणि पात्यापात्याला चोळलं. दादाचा मुलगा विचारत होता, आत्या, आत्ता हे काय? मला रडू आवरत नव्हतं.

जा दादा.

आई भेटली की पहिलं तेच विचारील. या वेळी खुशाल "व्हय" म्हण.

मी लावलंय.