सोळा कोअर आणि बॅनरचा जोड

“नवा कॉम्प्युटर घेतला, तरी काम तिथंच अडून राह्यलं काऊन?” प्रमोदभाऊंनी मला दारातच धरलं. सिंदी मेघेत त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि त्यांच्या छपाई मशीनची सर्व्हिस मी करतो. सोळा कोअरचा, म्हणजे सोळा कामगार एकदम राबतील असा, प्रोसेसर त्यांनी मला न विचारताच आणला होता. जाब मात्र मलाच द्यायचा होता.

शेजारी वनिताताई बसल्या होत्या. अल्लीपूरच्या शिक्षिका. गावातल्या नव्या विहाराचं त्याच संध्याकाळी उद्घाटन होतं. श्रमदान केलेल्या सगळ्यांचे फोटो, ताईंचाही, एका लांबलचक बॅनरवर घेतले होते. कोणाचा लहान नाही, कोणाचा मोठा नाही. विटा वाहणाऱ्या म्हाताऱ्या आयुष्यात पहिल्यांदा बॅनरवर झळकणार होत्या. आणि ते बॅनर सकाळपासून मशीनपर्यंत पोचलंच नव्हतं.

मशीनला चित्र कळत नाही, शाईचे ठिपके कळतात. चित्राचे ठिपके करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला आम्ही रिप म्हणतो. कोणता कोअर किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर मी उघडला. एक कोअर घाम गाळत होता, बाकीचे निवांत. प्रमोदभाऊंचं रिप जुनं, ते एक फाइल एकाच कोअरला देतं. कढई एकच असेल तर सोळा आचारी बोलावून काय उपयोग?

“फाइलचे चार तुकडे करू,” मी म्हणालो. “चार कोअर एकदम कामाला लागतील. छापून झालं की फ्लेक्स चिकटवून घेऊ.”

“माह्या दुकानातून बिनजोड बॅनर जाते!” प्रमोदभाऊ उसळले.

वनिताताईंची काळजी वेगळीच. “जोड कोणाच्या तोंडावर येईन? त्या बायांले मी काय सांगू?”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. जोडावर चेहरा आला की तो थोडा तरी सरकतोच. मी स्क्रीनवर चेहऱ्यांमधल्या फटी शोधू लागलो. दोन जोडांना वाट मिळाली. तिसरा कुठूनही घेतला तरी एक चेहरा आडवा यायचाच.

ताई स्क्रीनवर वाकून म्हणाल्या, “तिथं माहा फोटो टाका. मी तं खाली उभीच राहीन, लोकाईले दिसनच.”

प्रमोदभाऊ उठून जोड चिकटवायचं सामान काढू लागले. मला ताईंचं फार कौतुक वाटलं. फोटोंची अदलाबदल करून मी चारही फाइली एकदम सोडल्या. चार कोअर धावू लागले. चहा संपायच्या आत पहिला तुकडा मशीनवर चढला. दुपारी गाडी अल्लीपूरला निघाली. जोड प्रमोदभाऊंनी स्वतःच्या हातानं चिकटवले होते.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. “माहं नाक जरासं सरकलं, बाकी सगळं बेस! म्हाताऱ्या बॅनरपुढून हलून नाई राह्यल्या.”

जास्त कोअर घेतले तर छपाई लवकर होते का, असं मला बरेच जण विचारतात. काम वाटून देता आलं तर होते. फक्त वाटलेल्या कामाला जोड येतो, आणि तो कोणाला तरी आपल्या तोंडावर घ्यावा लागतो.