मामांची हत्तीमार

सबंध नगर जिल्ह्यात उद्या एखादा हत्ती पिसाळला असता, तर त्याला सामोरं जायची जय्यत तयारी असलेला माणूस एकच होता, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आता बेलापूरच्या बाजूला हत्ती यायचा तो सर्कशीबरोबर, आणि तोही दुकानादुकानापुढे सोंड करून केळी मागत. पण हे मामांना सांगायची सोय नव्हती. "जावईबापू, जनावर यायचं तेव्हा कळवून येत नाही," असं म्हणून ते माझं तोंड बंद करायचे. बरं, माणूस धंद्याने होमिओपॅथीचा डॉक्टर. तापाने फणफणलेल्या पोराच्या हातावर साबुदाण्याएवढ्या गोळ्या ठेवायच्या आणि जास्त होतील म्हणून त्यातली एक परत काढून घ्यायची, असा सगळा हिशेबी हात. आणि त्याच हाताने आतल्या खोलीत बसून ते जे काडतूस भरायचे ते माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब असायचं.

हे काडतूस ज्या हत्तीमार रायफलीचं, ती त्यांना एका म्हाताऱ्या पेशंटने दिली होती. हे गृहस्थ कुठल्याशा संस्थानात नोकरी करून आलेले, अंगावर सारखं पित्त उठायचं, ते मामांनी बरं केलं. रायफल दुनळी, जाडजूड, आफ्रिकेतले हत्ती आणि रानरेडे डोळ्यांपुढे ठेवून विलायतेत घडवलेली. सगळे कागद रीतसर झाले, आणि मग कळलं की हिची काडतुसं हिंदुस्थानात औषधालाही मिळत नाहीत. दुसऱ्या कोणी ती भिंतीवर टांगली असती. मामांनी काडतुसं घरीच भरायची ठरवली. परवान्यासाठी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, कुठून कुठून जुन्या पितळी पुंगळ्या जमवल्या, आणि औषधांचा तराजू दारूला लावला. एक कण इकडचा तिकडे झाला की सगळं परत ओतायचं आणि पहिल्यापासून तोलायचं. हे चालू असताना पंखा बंद, खिडक्या बंद, आणि घरात काडीसुद्धा ओढायची नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो दिवस नेमका भरणीचा निघाला. वैशाखाच्या उकाड्यात बंद घरात मी सदरा भिजवत बसलो होतो, आणि नव्या जावयाचा चहा शेजारणीकडून आला. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माझ्या चुलीला सुतक लावलंय हो या माणसाने."

मामांचा खरा वैरी मात्र हत्ती नव्हता, निवडणूक होती. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागत, आणि त्या काळात दिल्लीतलं सरकार कधी पडेल याचा नेम नसायचा. रेडिओवर विश्वासदर्शक ठरावाची बातमी आली की मामा कपाटातून सुती धोतर काढायचे. त्यात गुंडाळून ते रायफल ठाण्यात पोचवायचे आणि रोज सकाळी तिला बघायला जायचे. ओल लागली नाही ना, कोणी तिच्यावर डबा तर ठेवला नाही ना, असं सगळं विचारायचे. ठाण्यातला हवालदार एकदा त्यांना म्हणाला, "डाक्टर, लेक सासरी दिल्यावर बी येवढं कुनी येत न्हाई."

अशाच एका निवडणुकीनंतर मामा रायफल आणायला गेले, तर ठाण्यात नवा फौजदार. मी बरोबर होतो. त्याने रायफल उचलून पाहिली, तिचं वजन पाहून तोंड वाकडं केलं आणि विचारलं, ही शेवटची कधी उडवली? मामा खरं बोलणारे. म्हणाले, माझ्याकडे आल्यापासून एकदाही नाही. मग फौजदार म्हणाला, "जी उडतच नाही ती घरी नेऊन करणार काय? माझ्यासमोर उडवून दाखवा. नाहीतर कायमची जमा करायचं मी वर लिहितो." मामांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं आता यांनाच कोणीतरी गोळ्या द्यायला हव्यात. पण ठाण्याची पायरी उतरेपर्यंत गडी बदलला. माझा दंड धरून म्हणाले, "जावईबापू, अहो सरकारच उडवा म्हणतंय."

काडतूस भरायला त्यांनी नरकचतुर्दशीची पहाट धरली. मामींच्या हातचं अभ्यंगस्नान, उटणं, सगळं साग्रसंगीत करून ते आतल्या खोलीत शिरले. दिवाळी उलटल्यावर नदीकाठच्या जुन्या खडीच्या खाणीत आम्ही जमलो. अर्धं गाव मागे उभं. मामांनी रायफल खांद्याला लावली, चाप ओढला, आणि आवाज आला टक्. एवढाच. मामा हलले नाहीत. "कोणी जागचं हलू नका," ते ओरडले, "कधी कधी बार उशिरा उडतो." मग फौजदारासकट आम्ही सगळे पुतळे होऊन उभे. मागून एक शेतकरी म्हणाला, "डाक्टर, ह्यो पुढल्या दिवाळीला उडतोय जनू." पण तो काही उडाला नाही.

फौजदाराने कीव येऊन पंधरा दिवसांची मुदत दिली. मामांनी काडतूस खोलून पाहिलं. दारू बरोबर, गोळी बरोबर. मग ते स्वतःच्या बोटांकडे बघत बसले आणि एकदम कपाळावर हात मारला. अभ्यंगाचं तेल! पुंगळीच्या बुडाला बार पेटवणारी जी इवलीशी टोपी असते, तिला तेलाचं बोट लागलं की ती मेलीच. त्या दिवसापासून मामांनी तेल वर्ज्य केलं. डोक्याला नाही, पोळीला नाही, भाजीत नाही. केस उभे राहिले, ओठ फुटले, पेशंट त्यांच्याकडे बघून स्वतःचं दुखणं विसरायला लागले. राखेने हात घासघासून त्यांनी नवं काडतूस भरलं आणि आम्ही परत खाणीत गेलो.

मी म्हटलं, मामा, कानात कापूस घाला. म्हणाले, "ज्या आवाजासाठी जन्म काढला, तो कापसातून ऐकू होय?" आणि चाप ओढला. काय सांगू राव, आवाज कानाने ऐकला असं म्हणताच येणार नाही, तो पायाखालून चढला आणि छातीत घुसला. नदीवरचे सगळे बगळे एका दमात उठले, फौजदार टोपी धरून खाली बसला, कोणाची तरी म्हैस दावं तोडून थेट नदीत गेली. मामा दोन पावलं मागे जाऊन बुडावर आपटले होते. धूर विरला तेव्हा गाव नाचत होतं, आणि मीही नाचत होतो, कोणाबरोबर ते आता आठवत नाही. फौजदाराने तिथेच हात जोडून सांगितलं, घेऊन जा बाबा ही तोफ.

घरी येताना मात्र मामा रिकामी पुंगळी नाकाशी धरून चालत होते. वेशीजवळ हळूच म्हणाले, "जावईबापू, कसा होता हो आवाज? माझं सगळं लक्ष चापावर. मला काही ऐकूच आलं नाही."

दुसरा बार उडवायला काडतुसाच्या टोप्या उरल्या नव्हत्या, मिळण्यासारख्याही नव्हत्या. तेव्हापासून मामा येईल त्याला तो आवाज कसा होता ते विचारायचे, दूधवाल्याला, पोस्टमनला, पेशंटला नाडी बघता बघता. मी जाईन तेव्हा मला सांगावा लागायचा, आणि मीही दर खेपेला त्यात एकेक म्हैस वाढवायचो. ते डोळे मिटून, मान हलवत ऐकायचे. अगदी अंथरुणाला खिळल्यावरही.

मामा गेल्यावर भेटायला गेलो तेव्हा मामींपाशी हा विषय निघाला. त्या म्हणाल्या, "रोज निजताना मला विचारायचे. मी सांगायचे, देव्हारा हलला, फडताळातली भांडी वाजली. कसला देव्हारा नि कसली भांडी, मी तर भीतीने कानात बोटं घालून मोरीत बसले होते. पण त्यांना कुठे सांगता?" मग पदराने चष्मा पुसत माझ्याकडे वळल्या.

"आता तुम्ही सांगा," म्हणाल्या, "कसा होता?"